मत कोणत्या घरचं?

२०१३मध्ये उपनगरी लोकल डहाणूपर्यंत धावू लागली आणि आठवडा दोन घरांत वाटणं मुंबईकरांच्या आवाक्यात आलं. काही दिवस शहरातलं ऑफिस, उरलेले दिवस केळवे, शिरगाव किंवा चिंचणीच्या किनाऱ्यावर लॅपटॉप उघडून. या वाटणीला आमचा विरोध नाही. वर्षभर उघडं राहणारं घर कुलूपबंद बंगल्यापेक्षा गावाला केव्हाही बरं. पण १९५०च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार मतदारयादीत नाव एकाच ठिकाणी ठेवता येतं, आणि नुसत्या घरमालकीने कुणी तिथला रहिवासी ठरत नाही. ग्रामसभेचे सदस्य म्हणजे गावचे मतदार. त्यामुळे निम्मं आयुष्य इथे काढणाऱ्याला गावच्या निर्णयांत जागाच नसते.

आम्ही घरपट्टी भरतो, माळ्याला पगार देतो, आणखी काय हवं, असं कुणी विचारेल. हा हातभार खराच. पण तारापूरच्या कारखान्यांचं सांडपाणी, वसई-विरार आणि मीरा-भाईंदरकडे जाणारं सूर्या धरणाचं पाणी, २०२४मध्ये केंद्राने मंजूर केलेलं वाढवण बंदर, हे प्रश्न घरपट्टीने सुटत नाहीत. त्यांवर इथले मच्छीमार आणि आदिवासी वर्षानुवर्षं बोलत आले आहेत. बाहेरचे पैसेवाले वाढले तर सभाच त्यांची होईल, ही गावकऱ्यांची भीतीही रास्त आहे. म्हणून कसोटी मुक्कामाचीच हवी. जो भर पावसाळ्यातही इथेच राहतो, त्याने शहरातलं नाव कमी करून इथे नोंदवावं, आणि ग्रामसभेत आधी ऐकायला बसावं.