बोलणारे वस्त्र

कापडावर दिवे टाचण्याची हौस जुनीच आहे. पण असा झगमगता अंगरखा धुवायचा कसा, या प्रश्नापाशी ती नेहमी अडत आली. शांघायच्या फुदान विद्यापीठातील पेंग हुइशेंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ साली ‘नेचर’मध्ये वर्णिलेल्या कापडात मात्र दिवाच विणला गेला आहे. ताण्याच्या, चांदीचा मुलामा दिलेल्या धाग्यावर प्रकाशणाऱ्या झिंक सल्फाइडचा लेप असतो. बाण्याचा धागा पारदर्शक आणि विद्युत्‌वाहक असतो. हे दोन धागे जेथे परस्परांना छेदतात तेथे, विद्युत्‌दाब देताच, प्रकाशाचा ठिपका उमटतो. ६ मीटर लांब व २५ सेंटिमीटर रुंद अशा पट्ट्यात असे सुमारे ५ लाख ठिपके होते. त्यापूर्वी, २०१८ साली, अमेरिकेत योएल फिंक यांच्या गटाने प्लॅस्टिकच्या कांडीत वाळूच्या कणाएवढे डायोड ठेवून, ती तापवून तिचा धागा ओढला होता. त्याचे कापड १० धुण्यांना पुरले. फुदानच्या कापडाने १०० धुणी सोसली. (धोबीघाटावरील दगड त्या परीक्षेत नव्हता, हे खरे!)

परंतु आमच्या मते खरा प्रश्न धुण्याचा नाही. मेंदूतील विद्युत्‌लहरी टिपून, परिधान करणारा शांत आहे की चिंताग्रस्त, हे या कापडावर अक्षरांत उमटविण्याचा प्रयोगही फुदानच्या संशोधकांनी केला. ज्याची वाचा गेली आहे त्याला हे केवढे वरदान! पण हीच बाही उद्या वाहनचालकाच्या वा शिपायाच्या गणवेशाला लागली तर? साहेबासमोर उभ्या असलेल्या कारकुनाची धास्ती आजवर निदान सदऱ्याआड राहत आली आहे.

ही शंका कोणास अतिरंजित वाटेल. तथापि आपल्याकडील २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात, नोकरीच्या प्रयोजनासाठी किंवा मालकाचे नुकसान टाळण्यासाठी, कर्मचाऱ्याची माहिती त्याच्या संमतीवाचूनही वापरण्याची मुभा ठेवलेली आहे. ती लिहिताना असे वस्त्र कोणाच्या डोळ्यांसमोर असण्याचा संभव कमीच. वाचा गमावलेला रुग्ण आपली बाही केव्हा उजळावी हे स्वतः ठरवील. सक्तीच्या गणवेशातील नोकराला तो अधिकार कायद्यानेच द्यावा लागेल, आणि तोही असे कापड ठाणांनी बाजारात येण्यापूर्वी.