यादीत नाव आहे, पण सापडत नाही!

मंडळी, आज जरा कॉम्प्युटरचा विषय. कंटाळू नका, तुमच्याच नावाचा प्रश्न आहे.

मध्यंतरी एका कार्यालयाबाहेर लाभार्थ्यांची यादी लागली होती. क्षीरसागर आडनावाच्या एक काकू दोनदा यादी पाहून परत निघाल्या. "मायं नावच नाही ना बाप्पा. पार शेवटपर्यंत पाह्यलं." काकूंचं चुकलं नव्हतं. शाळेत आपण ह, ळ, क्ष, ज्ञ असंच शिकलो, म्हणून त्यांनी क्ष शेवटी शोधला. नाव होतं कोल्हे आणि खंडारे यांच्या मधोमध! हरकतीची मुदत असते हो. नाव नाही समजून माणूस घरी गेला, की गेला. २०२३ च्या जुलैतल्या पुरानंतर यादी म्हणजे काय असते, हे आपल्या संग्रामपूर तालुक्याला सांगायला नको.

हे होतं कसं? कॉम्प्युटरला क्ष हे अक्षर माहीतच नाही. त्याच्यासाठी ते क, हलन्त आणि ष असे तीन तुकडे. म्हणून क्ष जातो 'क'च्या शेपटाला आणि ज्ञ 'ज'च्या. ळ युनिकोडच्या तक्त्यात लच्या पाठोपाठ आहे, त्यामुळे काळे येतात कासारांच्या आधी. आपल्या क्रमाने ते नंतर यायला हवेत. सोनाळा, पळशी, कवठळ... ळ काही आपल्याकडे दुर्मिळ नाही! बाराखडीत कं, कः शेवटी, तर तिथे पहिले.

शासनाने ६ नोव्हेंबर २००९ ला वर्णमालेचा शासन निर्णय काढला, १० नोव्हेंबर २०२२ ला सुधारून पुन्हा काढला. म्हणजे कागदावर क्रम ठरलेला आहे. पण डेटाबेस बसवणारा माणूस 'नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश' करतो आणि जे डिफॉल्ट असेल ते कायम होतं. पोस्टग्रेस बसवताना भाषा सांगितली नाही, तर ज्या मशीनवर बसतोय तिचीच सेटिंग तो उचलतो. मायएसक्यूएलचं तर २०१८ मध्ये ८.० येईपर्यंत डिफॉल्ट स्वीडिश होतं, कारण कंपनी स्वीडनची! डिफॉल्ट म्हणजे कुणीच न घेतलेला निर्णय नसतो. तो कुणीतरी, कुठेतरी, स्वतःच्या सोयीने घेतलेला असतो.

आता काही मित्र म्हणतील, मग सगळीकडे डिफॉल्टच मराठी करा. मी याच्या विरोधात आहे. भाषेचे क्रम अधूनमधून बदलतात. २०१८ मध्ये लिनक्सच्या ग्लिबसी २.२८ मध्ये क्रमाचे नियम बदलले आणि जगभर पोस्टग्रेसचे इंडेक्स बिघडले. इंडेक्स जुन्या क्रमाने रचलेला, शोध नव्या क्रमाने. नोंद आत असून सापडेना. म्हणजे काकूंचीच गोष्ट, फक्त आता कॉम्प्युटरच्या पोटात. त्यापेक्षा आतलं कपाट साध्या, न बदलणाऱ्या क्रमाने लावा. पोस्टग्रेस १७ मध्ये त्यासाठी ऑपरेटिंग सिस्टिमवर अवलंबून नसलेली सोय आली आहे. पण जी यादी माणसाच्या डोळ्यापुढे येणार, ती छापताना मराठी क्रम स्पष्ट मागा. आयसीयू नावाच्या लायब्ररीत मराठीचे नियम तयार आहेत. क्वेरीत चार शब्द वाढतात, बस.

शोधाचं दुखणं अजून वेगळं. 'वऱ्हाड' हा शब्दच घ्या. त्यातला ऱ्ह दोन-तीन पद्धतींनी टाईप होतो, दिसतो सारखाच, पण कॉम्प्युटरला ते वेगवेगळे शब्द वाटतात. नाव टाकलं, 'रेकॉर्ड नॉट फाउंड'. ऑपरेटर पोरगं तरी काय करणार? त्यावर सविस्तर पुन्हा लिहीन.

माझं म्हणणं एवढंच की सॉफ्टवेअरच्या टेंडरमध्ये 'मराठीत उपलब्ध' लिहून भागत नाही. 'छापील व पडद्यावरील सर्व याद्या शासन निर्णयातील वर्णक्रमाने' ही एक ओळ घाला, आणि माल ताब्यात घेताना पाच नावं टाकून बघा: कासार, काळे, क्षीरसागर, ज्ञानेश्वर, हरिभाऊ. हरिभाऊ ज्ञानेश्वरच्या खाली आले, तर बिल काढू नका.

तोवर आपल्या गावात कुठलीही यादी लागली, की क्षीरसागर कुठे आहेत ते शोधा. जागा कमेंटमध्ये लिहा. फोटो टाकू नका, लोकांचे खाते नंबर असतात त्यात.