भरतकाम उलटून पाहावे

भरतकामाची पारख करावयाची तर कापड उलटून पाहावे, हा आमच्या सेनगावातल्या बायकांचा दंडक. सरळ बाजूला मोर नाचत असतो. पण गाठी किती, दोरा कोठे तुटला, हात कोठे थकला, हे सारे उलट बाजू सांगते. जुन्या गोव्यात मलाही हा दंडक पाळण्याची फार इच्छा झाली. पण काय करता? मध्ये काच होती!

१५६२ साली बांधावयास घेतलेले, सेंट कॅथरिनच्या नावाचे ते प्रचंड से कॅथीड्रल पाहून मी सांता मोनिकाच्या मठातील ख्रिस्ती कलेच्या संग्रहालयात शिरले. तेथे पाद्री लोकांची जुनी वस्त्रे आहेत. मिस्सेच्या वेळी घालावयाच्या बिनबाह्यांच्या झग्याची पाठ पुष्कळदा विशेष नटवलेली असे. कारण साधे आहे. १९६० च्या दशकातील सुधारणांपर्यंत पाद्री वेदीकडे तोंड करून उभे राहत. भाविकांना दिसे ती त्यांची पाठच.

आणखी एक मौज सांगते. असल्या कामात कलाबतू सहसा कापडातून आरपार नेत नाहीत. रेशमी दोऱ्यावर गुंडाळलेली ती नाजूक पट्टी ओढाताणीत खरवडते. शिवाय महागडी जर उलट बाजूला फुकट जाते. म्हणून ती वरच अंथरावयाची आणि बारीक रेशमी टाक्यांनी जागोजाग बांधावयाची. झळकते जर, पण तिला धरून ठेवणारा टाका कोणाच्या नजरेत भरत नाही.

टाका घालणारणीचे तरी नाव कोण विचारतो? देवळात काय, चर्चमध्ये काय, दात्याचे नाव दगडावर कोरतात. सुई धरणारा हात निनावी राहतो. आमच्याच हिंगोली जिल्ह्यातले नर्सी हे परंपरेने नामदेवांचे गाव. शिंप्याच्या घरचा हा पुरुष १२७० मध्ये जन्मला आणि त्याची ६१ पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहेबात जाऊन बसली. पण हे नाव टिकले ते शब्दांमुळे, सुईमुळे नव्हे.

आमच्याकडच्या बंजारा तांड्यांतही पूर्वी फेटिया आणि कांचळी भरताना आरसे, कवड्या आणि रंगीत दोऱ्यांची अशीच दौलत उधळली जाई. एका म्हातारीने आपली कांचळी मला दाखवली. मी सवयीने ती उलटली. आत आईचे टाके निराळे, तिचे निराळे. दोन पिढ्या एका कापडावर!

"आता हिचे काय करणार, आजी?" मी विचारले.

"नात घालत नाही, बाई. फेरीवाला मागतो. तुकडे करून पिशव्यांना लावतात म्हणे."

मी गप्प बसले. पैशाची नड असलेल्या माणसाला जपणुकीचे व्याख्यान कोणत्या तोंडाने द्यावे? पण ज्यांना तशी नड नाही त्यांना एक सांगते. कर्नाटकातील संडूरच्या लंबाणी भरतकामाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. त्याने कलेचे नाव राहील. तुमच्या आजीचे नाव तुम्हालाच राखले पाहिजे.

दिवाळीच्या साफसफाईत ट्रंका उघडतीलच. भरलेला रुमाल, दुपटे, कांचळी हाती आली, तर उलट बाजूला कापडाची एक पट्टी टाचा आणि तिच्यावर लिहा : कोणी भरले, कोठे, कोणत्या साली. घरातली म्हातारी माणसे आहेत तोवर हे विचारून घ्या, बायांनो. सणाच्या गडबडीत तेवढा अर्धा तास निघेल.