मुत्सद्देगिरी आणि सचोटी

‘मुत्सद्दी’ हा शब्द कानीं पडतांच पुष्कळांच्या डोळ्यांपुढें एखादा कावेबाज पुरुष उभा राहतो. गोड बोलून दुसऱ्यास फसविणें हेंच मुत्सद्द्याचें काम, असा समज आपल्या समाजांत फार रूढ आहे. आणि सरळ मनाच्या मुलानें त्या वाटेस जाऊं नये, असेंहि कित्येक पालक सांगतात. आमच्या मतें हा समज बरोबर नाहीं. डॉ. राल्फ बंच यांचें चरित्र पाहिलें म्हणजे हें सहज ध्यानांत येईल.

बंच हे अमेरिकेंतील डेट्रॉईट शहरीं एका गरीब कृष्णवर्णी कुटुंबांत जन्मले. आई वारल्यावर लॉस अँजेलिस येथें आजीनें त्यांचा सांभाळ केला. वर्तमानपत्रें विकून व झाडलोटीचीं कामें करून ते शिकले. १९२७ सालीं पदवीधर झाले, आणि १९३४ सालीं हार्वर्ड विद्यापीठाचे डॉक्टर झाले.

सप्टेंबर १९४८ मध्यें संयुक्त राष्ट्रांचे पॅलेस्टाइनमधील मध्यस्थ काउंट बर्नाडोट यांचा जेरुसलेम येथें खून झाला. मारेकऱ्यांच्या गोळ्यांनीं रिकामी झालेली ती जागा बंच यांनीं पत्करली. ऱ्होड्स बेटावर त्यांनीं इजिप्त व इस्रायल यांचे प्रतिनिधि आणविले. प्रथम एकेका पक्षाशीं निराळें बोलावें, लहान मुद्दे आधीं मिटवावे, मग दोघांस समोरासमोर बसवावें, अशी त्यांची रीत होती. २४ फेब्रुवारी १९४९ रोजीं पहिला शस्त्रसंधि झाला. पुढें लेबनॉन, ट्रान्सजॉर्डन व अखेर जुलैंत सीरिया यांच्याशींहि इस्रायलचे करार झाले. एकास एक व दुसऱ्यास भलतेंच सांगणारा मध्यस्थ अशा ठिकाणीं किती दिवस टिकला असता? १९५० सालचें नोबेल शांतता पारितोषिक बंच यांस मिळालें. तें मिळविणारे ते पहिलेच कृष्णवर्णी गृहस्थ होत.

कोणी म्हणेल, पुढें १९५६ व १९६७ सालीं तेथें पुन्हा युद्धें झालींच ना? झालीं, हें खरें. शस्त्रसंधि म्हणजे कायमचा तह नव्हे. परंतु रोगी पुन्हा आजारी पडला म्हणून पहिल्या वैद्याचे श्रम वायां गेले, असें कोणी म्हणत नाहीं.

आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. १९४९ सालीं अमेरिकन सरकारनें त्यांस परराष्ट्रखात्यांत मोठें पद देऊं केलें. वॉशिंग्टन शहरांत त्या वेळीं वर्णभेद चालू होता. आपल्या मुलांच्या वांट्यास तो अपमान यावा हें त्यांस रुचेना, म्हणून त्यांनीं तें पद नाकारलें. पुढें १९६५ सालीं सेल्मा येथील समान हक्कांच्या पदयात्रेंत ते डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांजबरोबर चालले. शांतताप्रिय मनुष्य अन्यायापुढें मान वांकवितो, असें नव्हे.

विद्यार्थी मित्रहो, प्रभु येशूनें डोंगरावरील प्रवचनांत शांति करणारांस धन्य म्हटलें आहे. नुसती शांति इच्छिणारांस नव्हे. वर्गांत दोघांचें भांडण जुंपलें असतां एकाची बाजू घेऊन ओरडणें सोपें असतें. दोघांचें ऐकून घेणें कठीण. हें कठीण काम करण्याची संवय शाळेंतच लावून घ्या. पालकांसहि आमची विनंति आहे कीं, मुलांस चतुर व्हा असें अवश्य सांगा. पण चातुर्याचा पाया सचोटी आहे, हेंहि त्याच श्वासांत सांगा.