गाडी येणार की नाही?

आमच्या फाट्यावर घड्याळ नाही, वेळापत्रकाचा फलकही नाही. तिथल्या गाड्यांना वेळेची नावे नाहीत. 'मुक्कामी', 'दुधाची', 'कॉलेजची' अशी नावे आहेत. दोन वर्षांपूर्वी मुंबईला मावशीकडे गेले तेव्हा फलाटावर एक गृहस्थ दुसऱ्याला विचारत होते, "८.१७ची गेली का हो?" मला हसू आले. जिचे नावच तिची वेळ आहे, ती उशिरा आली तर तिला काय म्हणायचे? मावशी म्हणाली, "८.१७चीच म्हणायचे. साडेआठला आली तरी!"

हा विषय डोक्यात यायला कारण घडले ते असे. यंदा आपल्या महाविद्यालयातील विज्ञान शाखेच्या तिघा मित्रांनी बसच्या उशिराबाबत एक मोबाइल ॲप तयार करायचे ठरवले आणि त्यातला मराठी मजकूर लिहून देण्यासाठी मला बोलावले. मजकूर म्हणजे बटनांवरची चार नावे, असा त्यांचा समज होता. खरे सांगायचे तर माझाही तोच होता. पण दोन महिने कागदावर पडदे आखून झाल्यावर माझे मत पार बदलले आहे. उशिराचे ॲप हे यंत्राचे काम आहे त्याहून अधिक बोलण्याचे काम आहे, असे मी आता म्हणते. आपल्याला काय माहीत आहे, केव्हापर्यंतचे माहीत आहे आणि काय माहीत नाही, हे उभ्या असलेल्या माणसाला सरळ सांगायचे, एवढेच ते काम. आणि तेच कुणाला नीट जमत नाही.

गेल्या पावसाळ्यातली एक संध्याकाळ मी विसरलेले नाही. कॉलेज सुटल्यावर आम्ही चौघी स्थानकावर उभ्या होतो. गाडी सव्वासहाची. पावणेसातला खिडकीवर विचारले तर उत्तर मिळाले, "येईल." सात वाजता पुन्हा, "येईल की." आमच्या बाजूला जाणारे शेवटचे वडाप सातच्या सुमारास निघते, ते आमच्या डोळ्यांदेखत भरले आणि गेले. आम्ही बसलो नाही, कारण गाडी 'येणार' होती. साडेसातनंतर कुणीतरी सांगितले की ती फेरी दुपारीच रद्द झाली आहे. स्थानकाचे नाव मी लिहीत नाही. खिडकीतल्या माणसावरही माझा राग नाही, कारण त्यालाही कुणी कळवले नव्हते. माझे वडील भर पावसात मोटारसायकलवरून आले, दोन खेपा करून चौघींना घरी नेले. आमच्यातली एक प्रथम वर्षाची होती. दिवाळीनंतर ती कॉलेजात दिसली नाही. तिच्या घरी कारण विचारायला गेले तेव्हा तिची आई एवढेच म्हणाली, "गाडीचा भरवसा नाही बाई."

त्या संध्याकाळी आमचे नुकसान उशिराने झाले नाही, हे मला पुष्कळ उशिरा उमगले. 'रद्द' हा शब्द सहा वाजता ऐकू आला असता तर आम्ही मुकाट्याने वडापात बसलो असतो, आणि ही गोष्ट लिहिण्यासारखीही राहिली नसती.

आता आमच्या मित्रांच्या कामाविषयी. त्यांच्या पहिल्या आराखड्यात एक नकाशा होता आणि त्यावर हळूहळू सरकणारा एक निळा ठिपका. दिसायला फार सुंदर. बसमध्ये जीपीएसचे यंत्र असते, ते ठराविक वेळाने आपली जागा कळवते आणि त्यावरून ती किती मिनिटांत पोहोचेल याचा हिशेब मांडला जातो, असे त्यांनी मला समजावले. यात नवलाचे आता काही राहिलेले नाही. वेळापत्रके सर्व ॲपना वाचता येतील अशा एकाच साच्यात मांडण्याची पद्धत अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराच्या वाहतूक संस्थेने आणि गूगलने मिळून २००५ साली सुरू केली. आज ती जगभर चालते. मुंबईकरांच्या खिशात २०१० पासून एम-इंडिकेटर आहे. 'व्हेअर इज माय ट्रेन' तर इंटरनेट नसतानाही मोबाइलच्या मनोऱ्यांवरून गाडीची जागा ओळखते. पण ते गाडीत बसलेल्याच्या फोनला. आमची अडचण गाडीत न बसलेल्याची आहे.

मी त्यांना विचारले, "ठिपका घाटात थांबला तर?" घाटात रेंज नाही, हे आपण सारेच जाणतो. मग ठिपका थांबला म्हणजे गाडी बंद पडली, की गाडी चालू आहे आणि नुसता निरोप बंद पडला? नकाशा दोन्ही वेळा तेच चित्र दाखवणार. यावर बराच वाद झाला. अखेर आम्ही नकाशा दुसऱ्या पानावर ढकलला आणि पहिल्या पानावर एक वाक्य घातले: '६.१० ला घाटाच्या पायथ्याशी होती. त्यानंतर निरोप नाही.' एका मित्राला हे वाक्य आपल्या ॲपची अब्रू घालवणारे वाटले. मला तेच सर्वांत प्रामाणिक वाटते. गावाकडचा जाणता माणूस निरोप असाच सांगतो. मी पाहिले तेव्हा असे होते, पुढचे मला ठाऊक नाही.

दुसरा वाद मिनिटांवरून झाला. समजा, ॲपने सांगितले की गाडीला २० मिनिटे उशीर आहे. माणूस चहा प्यायला जातो. तेवढ्यात चालकाने वाटेत वेळ भरून काढली आणि गाडी १२ मिनिटांनीच येऊन निघून गेली. गाडी लवकर आली हे चांगलेच झाले, आणि तरीही त्या माणसाची गाडी चुकली! म्हणजे इथे चूक दोन्ही बाजूंनी सारखी नाही. गाडी सांगितल्यापेक्षा उशिरा आली तर दहा मिनिटे जातात, लवकर आली तर अख्खी फेरी जाते, आणि आमच्याकडे पुढची फेरी म्हणजे दोन तास. म्हणून मी एक आकडा काढून दोन घालायला लावले: '६.३५ च्या आधी येणार नाही. ७ पर्यंत यायला हवी.' चहाला जाणाऱ्याला पहिला आकडा हवा असतो, परीक्षेला जाणाऱ्याला दुसरा.

अशा माहितीने खरोखर काही फरक पडतो का, की हे शहरी चोचले आहेत? अमेरिकेतील सिॲटल शहरात वॉशिंग्टन विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याने २००८ साली 'वन बस अवे' नावाची बसची वेळ सांगणारी सोय सुरू केली. (एका विद्यार्थ्याने, हे आपल्या विज्ञान शाखेने ध्यानात घ्यावे!) पुढे तिथल्याच संशोधकांनी थांब्यांवरच्या प्रवाशांना गाठून विचारपूस केली. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाहणीत असे दिसले की, ज्यांच्या हाती ताजी माहिती नव्हती त्यांना आपण उभे होतो त्यापेक्षा अधिक वेळ उभे राहिल्यासारखे वाटत होते. ज्यांच्याकडे माहिती होती त्यांना तसे वाटत नव्हते, आणि ते प्रत्यक्षातही सुमारे दोन मिनिटे कमीच थांबत होते. दोन मिनिटे म्हणजे काहीच नव्हे, असे कुणी म्हणेल. पण ते शहर आहे, तिथे पाठोपाठ बस असते. जिथे दिवसाला चारच फेऱ्या आहेत तिथे माहितीचे मोल मिनिटांत मोजून भागणार नाही. तिथे प्रश्न थांबायचे की निघायचे, हा असतो.

आणि निघण्यासाठी वाट ठाऊक हवी. म्हणून 'रद्द' या शब्दाखाली लगेच दुसरी ओळ आली पाहिजे, असा माझा आग्रह आहे: पुढची फेरी किती वाजता, दुसऱ्या फाट्यावरून जाणारी एखादी गाडी आहे का, शेवटचे वडाप कधी सुटते. वडापाचे नाव ॲपमध्ये नको, ते नियमाला धरून नाही, असे आमच्या एका प्राध्यापकांचे म्हणणे पडले. सरांविषयी पूर्ण आदर बाळगूनही मला ते पटलेले नाही. अंधार पडल्यावर फाट्यावर उभ्या असलेल्या मुलीला नियमाची चर्चा ऐकवण्यात काय अर्थ आहे?

कुणी असेही म्हणेल की, ॲप करण्यापेक्षा गाड्याच वाढवा. अगदी मान्य! राज्यात मुलींना बारावीपर्यंत एस.टी.चा पास मोफत आहे आणि २०२३ च्या मार्चपासून सर्व महिलांना अर्धे तिकीट आहे. पास हाती असूनही जिचे घरचे तिला पाठवत नाहीत, तिच्यासाठी गाड्या हव्यातच. पण गाड्या वाढेपर्यंत आहे त्या गाडीची खरी हकीकत सांगायला कुणाची हरकत असावी?

एक गोष्ट मात्र आम्हां पाचही डोक्यांच्या (चौथे माझे, पाचवे सरांचे) लक्षात फार उशिरा आली. त्या संध्याकाळी आम्हां चौघींपैकी दोघींकडेच फोन होता, आणि त्यातला एक साधा बटनांचा. प्रथम वर्षाच्या त्या मुलीच्या घरी एकच मोबाइल आहे, तो तिच्या भावाच्या खिशात असतो. मग ॲप कुणासाठी? यावर सध्या एवढेच सुचले आहे की, तोच मजकूर साध्या संदेशानेही घरच्या फोनवर जावा, आणि स्थानकासमोरच्या चहावाल्या काकांनी तो आपल्या फोनवर वाचून खडूने फळीवर लिहावा. काका तयार आहेत. फळीही त्यांनी काढून ठेवली आहे.

गेल्या महिन्यात आम्ही कागदावरचे ते पडदे घेऊन त्या मुलीच्या घरी गेलो. तिच्या वडिलांनी चष्मा लावून सगळे कागद पाहिले. नकाशा बाजूला ठेवला. मग म्हणाले, "गाडी रद्द झाली तर हे किती वाजता सांगणार?"

मित्र म्हणाला, "आगारातून आम्हांला कळले की लगेच, काका."

"ते नव्हे. वडाप सुटायच्या आत सांगणार का?"

ते आम्हांला अजून सांगता आलेले नाही. फेरी रद्द झाल्याचा निरोप आगाराने दुपारीच द्यावा, असा अर्ज आम्ही केला आहे. उत्तराची वाट पाहत आहोत.

(तृतीय वर्ष कला)