रुग्णालयाचे बिल आणि घराचा खर्च

आमच्या मोहल्ल्यात शिंपीकाम करणारे एक भाई आहेत. त्यांच्या पत्नीला स्तनाचा कर्करोग निघाला. रेशन कार्ड आणि आधार दाखवून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी झाली. रुग्णालयाला फारसे द्यावे लागले नाही. अलहम्दुलिल्लाह, आपांची तब्येत आता सुधारते आहे. पण आठ महिन्यांत घरावर दीड लाखाचे कर्ज चढले.

हे कसे झाले, म्हणून आम्ही त्यांच्यासोबत वही घेऊन बसलो. योजनेत नाव येण्याआधीच्या तपासण्या, मुंबईच्या फेऱ्या, खोलीचे भाडे, बाहेरचे जेवण. भाई सोबत असत, त्या दिवसांत दुकान बंद. आणि एक रक्कम तर कोणी लिहिलीच नव्हती. आपा घरी फॉल-पिको करून महिन्याचा किराणा भागवत असत. ती कमाई थांबली होती.

सरकारी योजना असो की नेहमीचा आरोग्य विमा, तो भरतो रुग्णालयाचे बिल. घराचा खर्च भरत नाही. त्यासाठी कर्करोग विमा किंवा गंभीर आजार विमा नावाचा वेगळा प्रकार असतो. त्यात अटीत बसणाऱ्या आजाराचे निदान झाले की ठरलेली रक्कम हातात मिळते, बिल कितीही असो. ती भाड्याला लावा, शाळेच्या फीला लावा, नाहीतर बंद दुकानाची भरपाई करा. हा विमा पूरक आहे. आधी योजनेची कागदपत्रे तयार ठेवावीत, मग जमल्यास कुटुंबाचा आरोग्य विमा, आणि त्यानंतर हा.

मात्र कागद नीट वाचल्याशिवाय सही करू नये. प्रतीक्षाकाळ किती आहे, हे आधी पाहावे. बहुधा तो तीन किंवा सहा महिन्यांचा असतो आणि त्या काळात निदान झाल्यास पैसे मिळत नाहीत. सुरुवातीच्या टप्प्यातला कर्करोग धरला आहे का, हेही विचारावे. गंभीर आजाराच्या पॉलिसीत तो बहुधा वगळलेला असतो. कर्करोगाच्या स्वतंत्र पॉलिसीत अशा वेळी रकमेचा काही भागच मिळतो. निदानानंतर ठराविक दिवस रुग्ण हयात असण्याची अटही काही ठिकाणी असते. फॉर्म भरताना तंबाखू, मिसरी, जुनी गाठ, घराण्यातला आजार, जे विचारले असेल ते खरे लिहावे. एजंट म्हणेल, "राहू द्या, सर." राहू देऊ नये. खोटे बोलणे गुनाह तर आहेच, शिवाय पैसे मागण्याच्या वेळी तेच आड येते. पॉलिसी हातात आल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते. कंपनीने मागणी नाकारली आणि तक्रार करूनही दाद मिळाली नाही, तर मुंबई आणि पुण्याला विमा लोकपाल आहेत. तिथे फी लागत नाही.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हा विमा तब्येत चांगली असतानाच मिळतो. आणि तो बहुतेक घरांत फक्त कमावत्या पुरुषाचा काढतात. फॉल-पिकोचा हिशेब आठवा.

आता आपल्या वाचकांच्या मनातला प्रश्न. हे जायज आहे का? जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने 1985 साली व्यापारी विमा नाजायज ठरवला आणि एकमेकांना मदत करण्यावर उभ्या असलेल्या सहकारी विम्याचा पर्याय सांगितला. मलेशियासारख्या देशांत तकाफुल कंपन्या आहेत, आपल्याकडे तशी सोय नाही. गरज आणि परिस्थिती पाहून आपल्या काही उलेमांनी सवलत दिली आहे, काहींनी दिलेली नाही. आम्ही शिक्षक आहोत, मुफ्ती नाही. पॉलिसीचा कागद घेऊन आपल्या मुफ्तीसाहेबांकडे जावे आणि ते सांगतील तसे करावे.

पण ज्यांना विमा नको आहे, त्यांनी दुसरी तदबीर करायलाच हवी. विमा घेतला नाही आणि बाजूलाही काही ठेवले नाही, याला तवक्कुल म्हणत नाहीत. उंट बांधून मग अल्लाहवर भरोसा ठेवण्याची शिकवण आपल्याला नबी (स.) यांनी दिली आहे. अशअरी कबिल्याचे लोक धान्य कमी पडले की सगळ्यांकडचे एका कापडात गोळा करून सारखे वाटून घेत, आणि नबी (स.) यांनी त्यांची तारीफ केली. मोहल्ल्यातील पन्नास घरांनी महिन्याला दोनशे रुपये जमा केले, तर वर्षाला 1 लाख 20 हजार होतात. जकात घेण्यास पात्र असलेल्या रुग्णाला आणि कर्जात बुडालेल्या कुटुंबाला जकातही देता येते.

जे हक्काचे आहे, तेही सोडू नये. उपचारासाठी जाणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णाला रेल्वेच्या स्लीपर वर्गात भाडे माफ आहे, सोबत्याला 75 टक्के सवलत आहे. रुग्णालयाचा दाखला लागतो. आमच्या भाईंना हे चौथ्या फेरीनंतर कळले.

या जुम्याला नमाजानंतर घरात सगळे जमतील, तेव्हा एक वही काढावी. घर महिन्याला किती रुपयांत चालते आणि त्यात अम्मीचा, आपाचा वाटा किती, एवढे लिहावे. पुढचा निर्णय त्या आकड्यावरून घेता येईल, इन्शाअल्लाह.