आशेची सक्ती नको

गेल्या दिवाळीत फराळाला आलेल्या एका परिचित गृहस्थांनी चकली मोडता मोडता माझ्या यजमानांना विचारले, "आता बाईंचं कसं हाय?" मी समोरच बसले होते. यजमान म्हणाले, "चाललंय." मग ते गृहस्थ माझ्याकडे वळले. "बाई, मनात वाईट काय आणू नकासा. मन खंबीर असलं की हा आजार पळून जातोय बघा."

आजाराचे नाव त्यांनी घेतले नाही. आमच्या घरातही ते कोणी घेत नसे. म्हणून आज मीच घेते. मला कर्करोग आहे. २०२१ मध्ये स्तनात गाठ निघाली. किमो झाली, शस्त्रक्रिया झाली, शेक झाले. २०२४ मध्ये तो हाडांत उतरल्याचे कळले. आता तो मुळापासून जाणार नाही, पण औषधांनी काही काळ आवरून धरता येईल, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. रोजची गोळी आणि ठरल्या मुदतीला हाडांसाठी इंजेक्शन, एवढ्यावर माझे दिवस चालले आहेत, आणि बरे चालले आहेत.

आजार परतला तेव्हा जवळच्याच एका नातलग बाईंनी मला ऐकवले, "तू मनातून खचलीस गं, तिथंच चुकलं." त्या वाक्याने झालेली जखम शस्त्रक्रियेच्या जखमेपेक्षा उशिरा भरली. हा लेख त्या वाक्याविरुद्ध आहे.

'मन खंबीर तर रोग पळतो' हे बोलायला गोड आहे. त्याचा व्यत्यास मात्र भयंकर आहे: रोग पळाला नाही, तर मन कच्चे होते. म्हणजे दुखणेही माझे आणि गुन्हाही माझाच! अमेरिकेत १९८९ मध्ये डेव्हिड स्पीगेल यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. स्तनाचा कर्करोग पसरलेल्या, गटात बसून मन मोकळे करणाऱ्या स्त्रिया अधिक जगल्या, असा त्याचा निष्कर्ष होता. तो जगभर गाजला. त्याच संशोधकांनी तो प्रयोग पुन्हा केला, तेव्हा २००७ च्या निष्कर्षात आयुष्य वाढल्याचे आढळले नाही. ही बातमी मात्र गाजली नाही. त्याच वर्षी जेम्स कॉइन आणि सहकाऱ्यांनी डोके व मानेच्या कर्करोगाचे १,०९३ रुग्ण तपासले. मनाच्या स्थितीचा आणि जगण्याच्या कालावधीचा संबंध त्यांना आढळला नाही. मन मोकळे केल्याने दिवस सुसह्य होतात हे खरे, आणि तेवढ्यासाठी ते जरूर करावे. पण पेशी माझ्या मनाचे ऐकत नाहीत. मी रडले म्हणून गाठ वाढत नाही आणि हसले म्हणून विरत नाही. हे कळले तेव्हा मी चार वर्षांत प्रथम मोकळेपणाने रडले, आणि त्या रात्री शांत झोपले.

आता आपल्या घरचेच बोलते. सीमाभागातली आपण माणसे. १९५६ पासून आपण मराठीसाठी भांडलो. १ नोव्हेंबरला काळ्या फिती लावल्या, मुलांच्या मराठी शाळांसाठी खेटे घातले. मी स्वतः मराठी शाळेत तीस वर्षे शिकवले. पण घरात कर्करोग आला की हीच मराठी आपण गिळून टाकतो. 'ते झालंय', 'तसलं काहीतरी', 'गाठ हाय साधी'. माझा पहिला रिपोर्ट इंग्रजीत होता. घरच्यांनी तो वाचला आणि मला मराठीत खोटे सांगितले. संमतीच्या कागदावर मी सही केली, ती काय लिहिले आहे हे न कळता. भाषेचा हक्क म्हणजे नुसत्या पाट्या आणि परिपत्रके नव्हेत. माझ्या शरीरात काय चालले आहे, हे माझ्या भाषेत मला कळणे हाही हक्कच आहे, आणि तो माझ्याच माणसांनी नाकारला.

मला आशा दिली ती एका कन्नड परिचारिकेने. पहिल्या किमोच्या दिवशी ती म्हणाली, "अंजब्याडरी, बाई," आणि मग मोडक्या मराठीत सगळे सांगितले. केस जातील, नंतर येतील. साधारण आठवड्यानंतर पांढऱ्या पेशी कमी होतील. तेव्हा ताप १०० च्या वर चढू लागला तर सकाळची वाट बघायची नाही, रात्री असलात तरी निघून यायचे. दुसऱ्या किमोनंतर रात्री अकराला ताप चढला. घरचे म्हणत होते, सकाळी बघू. मी ऐकले नाही. वेळेत पोचले म्हणून वाचले. त्या रात्री मला वाचवले ते माहितीने.

खरे दडवले की त्या जागी दुसरेच काही शिरते. मला सदाफुलीची पाने चावायला सांगणारे अनेक भेटले. सदाफुलीपासून व्हिन्क्रिस्टीन हे औषध निघते आणि १९६० च्या दशकापासून ते रक्ताच्या कर्करोगात वापरतात, हे खरे आहे. पण वाळल्या पाल्याच्या ढिगातून ते अगदी कणभर मिळते, आणि मोजूनमापूनच द्यावे लागते. अंगणातली पाने चावणे हा उपचार नव्हे, ती विषाची परीक्षा आहे.

"खरं सांगितलं तर माणूस हाय खाईल," असे कोणी म्हणेल. खाईलही, चार दिवस. मग उठून विचारील, पुढे काय? कोणाला ऐकायचे नसेल तर तोही त्याचा अधिकार. पण ते त्याला विचारून ठरवा, त्याच्या पाठीमागे नव्हे.

माझी आशा आता मोजक्या मुदतीची आहे. पुढच्या तपासणीपर्यंतची, नातीच्या वाढदिवसापर्यंतची, अंगणातल्या जाईला कळ्या येईपर्यंतची. ती संपली की मी नवी धरते. यंदा फराळाला या. आजाराचे नाव घेऊन विचारा, आणि मलाच विचारा. उपदेश नको. इस्पितळाच्या पुढच्या फेरीला बरोबर याल का, एवढे सांगा. चकल्या मी स्वतः केल्या आहेत.